मदत हवी आहे: जपानमध्ये रेल्वेने सावकाश फिरण्यासाठी जेआर पास घ्यावा का?

पोफळीची_बाग:
आम्ही दोघे निवृत्त असून जपानला निघालो आहोत. बसमधून पळत दहा शहरे दाखवणारी सहल आम्हांला नको; रेल्वेने सावकाश जावे, एकेका गावी चार दिवस राहावे आणि तिथले कारागीर काम करताना पाहावेत, एवढीच इच्छा आहे. एजंट मात्र चौदा दिवसांचा जेआर पास (जपानच्या जेआर रेल्वेने हवे तितके फिरण्याचा पास) घ्याच म्हणून मागे लागला असून परवापर्यंत पैसे मागतो आहे. पास घ्यावा की घेऊ नये, एवढेच कृपया सांगावे.

खडीसाखर:
काका, कोठे उतरणार, कोठून परतणार आणि कोणत्या महिन्यात, हे कळल्याशिवाय याचे उत्तर कोणीही देऊ शकणार नाही. कोणत्या कारागिरीत रस आहे तेही लिहा, कारण मातीची भांडी, कागद, लाखकाम आणि विणकाम यांची गावे एका रांगेत नाहीत.

रुळांचा_नाद:
आयुष्यात एकदाच जायचे असेल तर क्यूशू बेटावरच्या ‘सेव्हन स्टार्स’ गाडीनेच जावे. ऑक्टोबर २०१३ पासून धावणाऱ्या या गाडीतली हात धुण्याची भांडीसुद्धा अरिता गावच्या पोर्सलीनची आहेत आणि ती तिथल्या नामवंत कुंभार घराण्यातले चौदावे काकिएमोन यांनी घडवलेली आहेत. कारागिरी पाहायला गावोगाव हिंडायलाच नको, ती डब्यातच आहे.

खडीसाखर:
त्या गाडीच्या जागा महिनोन्‌महिने आधी अर्ज घेऊन सोडतीने दिल्या जातात, आणि काकांना परवा पैसे भरायचे आहेत.

मेतकूट_भात:
तुम्ही शाकाहारी असाल असे गृहीत धरून सांगतो, की तिथल्या साध्या दिसणाऱ्या भाजीत आणि मिसो सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. मंदिरांतले शोजिन र्‍योरी जेवण पूर्ण शाकाहारी मिळते, परंतु ते रोज परवडणारे नाही. म्हणून मेथीचे ठेपले आणि मेतकूट भरपूर न्यावे.

पोफळीची_बाग:
आम्ही गुहागरचे आहोत. माशाचा अर्क असेल तर आनंदच आहे. तोक्योला उतरणार आणि ओसाकाहून परतणार. दिवाळीनंतर, म्हणजे नोव्हेंबरात, चौदा रात्री. मला कानाझावाचे सोन्याचे वर्ख पाहायचे आहेत. आमच्या सौ.ने निवृत्तीनंतर येवल्यात दोन महिने राहून पैठणीचा माग शिकून घेतला, त्यामुळे तिला क्योतोचे विणकाम पाहायचे आहे. पासचे काय?

दोन_झोळ्या:
आम्ही दोघे गेल्या वर्षी याच दिशेने गेलो होतो, म्हणून हिशेब मांडतो. चौदा दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ४७,२५० येनांवरून एकदम ८०,००० येनांवर गेला; जुन्या लेखांमधला पासविषयीचा उत्साह त्याआधीचा आहे. तोक्यो ते कानाझावा हे शिनकानसेनचे (बुलेट ट्रेनचे) आरक्षित तिकीट चौदा हजारांच्या आसपास पडते, कानाझावा ते क्योतो आठ हजारांच्या आसपास, आणि क्योतो ते ओसाका तर हजाराच्याही आत. म्हणजे माणशी पंचवीस हजारांत तुमचा मुख्य प्रवास आटोपतो. पास रोज गाडीत बसणाऱ्याला परवडतो. तुम्ही तर चार-चार दिवस स्टेशनाकडे फिरकणारही नाही.

जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावातच तयार होतो, आणि तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. कारागीर त्याला बोट लावत नाही. बांबूच्या चिमट्याने उचलतो आणि हलकी फुंकर घालून त्याची सुरकुती मोडतो. आम्ही श्वास रोखून पाहत असताना मला शिंक येऊ लागली, तेव्हा हिने मला बखोटीला धरून बाहेर नेले. राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयही २०२० मध्ये तोक्योहून याच गावी आले. सोमवार संग्रहालयांच्या सुट्टीचा असतो, एवढे लक्षात ठेवा. केन्रोकुएन बागेतल्या पाइन वृक्षांच्या फांद्या बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून १ नोव्हेंबरपासून त्यांना दोर बांधू लागतात, आणि मला तर ती कारागिरी वर्खापेक्षाही अधिक आवडली.

प्रवासी_पंचावन्न:
मला हा हिशेब मान्य नाही. पास हातात असला की मनात येईल तिथे उतरता येते. प्रत्येक वेळी तिकिटाच्या यंत्रापुढे उभे राहण्याचा ताण या वयात कशाला घ्यायचा?

दोन_झोळ्या:
त्या मोकळिकीसाठी माणशी पन्नास-पंचावन्न हजार येन जास्त मोजायचे का, हा प्रश्न आहे. शिवाय पास असूनही सर्वांत वेगवान नोझोमी गाडीला वेगळे पैसे द्यावे लागतात.

येवलेकरीण:
काका, काकूंना क्योतोच्या निशिजिन भागातले त्सुझुरे विणकाम आवर्जून दाखवा. पैठणीप्रमाणेच त्यातही प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) पूर्ण पन्ह्यातून जात नाही, तो आपल्या नक्षीपुरता जाऊन मागे फिरतो. तिथले विणकर नखे घासून त्यांना करवतीसारखे दाते पाडतात आणि त्या नखांनीच बाणा ओढून बसवतात. माग कळणाऱ्या माणसाला हे पाहायला अर्धा दिवसही अपुरा पडेल.

पोफळीची_बाग:
सर्वांचे आभार. सौ. आत्तापासूनच स्वतःची नखे निरखत बसली आहे. एक सांगायचे राहिले: तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. चालता येते, पण जिने फार नकोत.

खडीसाखर:
हे सर्वांत आधी सांगायला हवे होते, काका! मार्च २०२४ मध्ये शिनकानसेन त्सुरुगापर्यंत वाढवल्यापासून कानाझावाहून क्योतोला थेट गाडी उरलेली नाही. त्सुरुगाला शिनकानसेन वरच्या मजल्यावर थांबते आणि क्योतोकडे जाणारी थंडरबर्ड गाडी तळमजल्यावरून सुटते. लिफ्ट आहे, पण जोडगाडीसाठी जेमतेम आठ-दहा मिनिटे मिळतात आणि सगळी गर्दी एकदम उतरते. तिकीट काढतानाच त्यानंतरची थंडरबर्ड घ्या. मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरून ताक्क्युबिनने (सामान पोचवणाऱ्या कुरिअर सेवेने) पुढच्या हॉटेलला पाठवा. त्या बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात, म्हणून एका रात्रीचे कपडे जवळ ठेवा.

पोफळीची_बाग:
पास नको असे एजंटला आत्ताच फोन करून कळवले. तो रुसला आहे. आता तोक्योहून थेट कानाझावाला जावे की वाटेत नागोयाला उतरावे? तिथे आमची भाची राहते आणि चार दिवस राहिल्याशिवाय ती सोडणार नाही.

दोन_झोळ्या:
नागोया त्या वाटेवर नाही, काका. पण नागोयाहून ‘हिदा’ गाडी डोंगरातून ताकायामाला जाते आणि तिथून पुढे तोयामामार्गे कानाझावा गाठता येते. भाचीकडचे चार दिवस या चौदांतलेच आहेत की वेगळे, ते सांगा, म्हणजे हिशेब पुन्हा मांडतो.