दहा हजार पावलं नेमकी सांगितली कुणी?

माजघर:
काल रात्री पावणेअकरा. बाबा (वय 68) हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये. आई वैतागून म्हणाली, "अहो, काही हरवलंय का?" तर म्हणे, "चारशे कमी पडतायत." दहा हजार पुरी झाली की मनगटावरचं घड्याळ थरथरतं आणि पडद्यावर फटाके उडतात. ते पाहिल्याशिवाय हल्ली त्यांना झोप लागत नाही.

म्हणून हा आकडा आला कुठून ते शोधायला बसले. वाटलं होतं, डॉक्टरांच्या एखाद्या मोठ्या समितीनं ठरवला असेल. निघाला जपानमधून, तोही दुकानातून! 1964 ला टोकियोत ऑलिंपिक झालं, लोकांना व्यायामाचं वारं लागलं, आणि 1965 मध्ये यामासा नावाच्या घड्याळाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. दहा हजारासाठी जपानीत जे अक्षर आहे ते जरा चालणाऱ्या माणसासारखं दिसतं म्हणे. म्हणजे साठ वर्षं सगळं जग एका जाहिरातीच्या मागे चालतंय! आपल्याकडे बिचारी शतपावली होती, तिच्यावर दोन शून्यं चढवली आणि घरोघरी रात्रीची गस्त सुरू झाली. माझं स्पष्ट मत, हे खूळ आहे.

हिशोबी:
शून्यं कुणीही चढवली असोत, मला ती पावली. मधुमेह आहे. सहा वर्षं डॉक्टर सांगायचे, "थोडं चालत जा." थोडं म्हणजे किती? मी फाटकापर्यंत जाऊन दूध घेऊन यायचो. झालं की थोडं! बँकेत 31 वर्षं काढली, टॅली लागल्याशिवाय घरी जायची सवय नाही. मला आकडाच लागतो. तीन महिन्यांची साखर 8.4 वरून 7.1 वर आली. गोळी तीच.

माजघर:
@हिशोबी काका, गोळी तीच, पण ताट?

हिशोबी:
बरं, रात्रीचा भात सुटला. पण तो घड्याळाच्या धाकानंच सुटला!

गुडघेवाला:
मी फिजिओथेरपिस्ट. दोघांचंही अर्धं बरोबर. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी 2019 मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांहून जास्त वयस्क बायकांचा अभ्यास मांडला, सरासरी वय 72. दिवसाला 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 41 टक्के कमी दिसलं. साडेसात हजारांच्या पुढे मात्र आलेख आडवा. (मुळात धडधाकट माणूसच जास्त चालतो, ही मेख आहेच.) 2025 ला लॅन्सेटच्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यातही सात हजारांशीच गाडी थांबते. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं मोजतच नाही. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं जरा दम लागेल असं चाला, एवढंच म्हणते. खरी कमाई दोन हजारांवरून चारावर जाण्यात आहे, नवावरून दहावर जाण्यात नाही.

आणि शतपावलीची थट्टा नको. जेवणानंतर लगेच चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. दहा मिनिटं पुष्कळ. माझी तक्रार वेगळीच आहे. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ टम्म सुजलेला गुडघा घेऊन आले. म्हटलं, चार दिवस आराम करा. तर म्हणाले, "डॉक्टर, 112 दिवसांची साखळी तुटेल हो."

खवणी:
अहो, ते घड्याळ पावलं मोजतं हेच मुळात खोटं. मनगटाचे हिसके मोजतं ते! गणपतीत एका बैठकीला अकरा नारळ खवले, जागची हलले नाही. घड्याळ म्हणालं, वा, 1,600 पावलं. आणि परवा नातवाची बाबागाडी ढकलत अख्ख्या बागेला दोन चकरा मारल्या, तर जेमतेम 90. दोन्ही हात दांडीवर ना! पाय झिजले माझे, आणि शाबासकी कुणाला, तर खोबऱ्याला.

हिशोबी:
@खवणी म्हणूनच मी मोबाइल विजारीच्या खिशात ठेवतो. नोंद पक्की हवी.

खवणी:
काका, आमच्या साडीला खिसा कुठाय?

वाटसरू:
आजीला वारीला निघताना हौसेनं घड्याळ बांधलं होतं. आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हटलं केवढा मोठा आकडा येईल! दुसऱ्याच मुक्कामाला तिनं ते काढून पिशवीत टाकलं. का? तर मनगटाला घाम येतो. पुढचं सगळं चालणं बिनहिशोबी. माझं मत माजघरसारखंच.

हिशोबी:
आजींचं ठीक आहे, त्यांना पुढे विठोबा होता. मला पुढे फक्त दुधाचं दुकान आहे.

माजघर:
ताजी बातमी. बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. जपान, जाहिरात, सात हजार, सगळं शांतपणे ऐकलं. शेजारचे नाना रोज बारा हजारांचा फोटो पाठवतात, तो सल आहेच. नाना जिन्यानं एक मजलासुद्धा चढत नाहीत, मग आकडा येतो कसा, हे घरात कुणालाच कळत नव्हतं. खवणीताईंचा प्रतिसाद ऐकला आणि बाबा ताडकन उठून बसले. नाना रोज संध्याकाळी भजनी मंडळात टाळ वाजवतात!

आत्ता आईला विचारतायत, आपल्याकडे टाळ होते ते कुठे ठेवलेत.