आई 'आई' व्हायच्या आधी

आईवरच्या कविता शाळेपासून पाठ केल्या. बहुतेकींत ती आपल्यासाठी राबत असते, नाहीतर दाराशी वाट बघत असते. या धाग्यात ती आई नको. आपण जन्मायच्या आधीची मुलगी कुणी कवितेत आणायचा प्रयत्न केलाय का? कविता फसली असेल तरी चालेल. ती मुलगी कुठे सापडली ते लिहा.

माझी गिरगावातल्या चाळीत वाढली. १९७२च्या सुमारास महागाईविरुद्ध बायका लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. पुढे मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर होत्या हे वाचलं होतं. मागच्या गर्दीत कॉलेजातली आई होती, हे मावशीने सांगितलं. मी लिहिलं:

थाळी बडवणारी ही कोण?
पोळी अजून गोल येत नाही हिची,
घोषणा मात्र खणखणीत.

आई म्हणाली, "घोषणा बाकीच्या देत होत्या गं. लाटणं शेजारच्या काकूंचं होतं, ते मोडू नये या काळजीत मी." दुसऱ्या खर्ड्यात घोषणा गेली, उसनं लाटणं आलं. कविता तिथे सुधारली.

*

बीडहून लिहितेय. त्याच बहात्तरच्या दुष्काळात माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. लग्न व्हायचं होतं. मला वाटलं, भेगाळलेली भुई, हाताला फोड, अशीच कविता होणार. तसं लिहून वाचूनही दाखवलं. ती हसली. म्हणे, खायला सुकडी मिळायची, पोरीपोरी एका ओळीत बसायचो, मुकादमाची नक्कल करायचो. पगारातून माईला चोरून बांगड्या भरल्या, हिरव्या नाही, जांभळ्या. हाल नव्हते का? होते की. पण पहिल्यांदा हातात स्वतःचे पैसे आले होते, ते तिला आधी आठवतं. आता कवितेत जांभळ्या बांगड्या आणि खडी दोन्ही आहे, नि दोन्हींचं जमत नाहीये. राहू दे तसंच.

*

लग्नात आईचं नाव बदललं. जुन्या नावाने हाक मारणारी एकच मैत्रीण उरलीय, तिचा फोन आला की आईचा आवाज वर चढतो. त्या नावाने कविता सुरू केली आणि पहिल्याच ओळीला अडले. त्या नावाच्या मुलीची मी कुणीच नाही.

*

वरच्या ताईंना: कुणीच नसणं बरंच आहे की! शेजारीण होऊन लिहा.

*

मी उलट्या बाजूची. माझ्या लेकीने माझ्यावर अशी कविता केली. त्यात मी बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकत खिडकीशी उदास उभी आहे. अगं, उदास कशाला? मी वही घेऊन बसायचे, कुठलं गाणं कितव्या पायदानावर ते लिहायला. भावाशी पैज असायची. ह्या मुलींना का वाटतं की त्या येईपर्यंत आम्ही कशाची तरी वाट बघत होतो? मला तेव्हा मूलबाळ डोक्यातही नव्हतं. पैज मात्र भाऊच जिंकायचा. क्रमवारीत रेकॉर्डच्या खपाचा हिशेब धरतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून लबाड आधीच दुकानात चौकशी करून यायचा. हे घाल म्हटलंय तिला कवितेत.