मदत हवी आहे: ठाण्याहून सांगलीला बिऱ्हाड हलवायचे आहे (भाग, शाळा, दवाखाना, सामान)

घोडबंदरवाली
नमस्कार. ठाण्याचे भाडे आता परवडत नाही. जूनच्या आधी सांगलीला जायचे नक्की केले आहे. माणसे चार: आम्ही दोघे, सासूबाई (वय ७३, मधुमेह आणि हृदयविकाराची औषधे चालू) आणि मुलगी (पाचवी झाली, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी). दोघांचेही काम घरून, मला महिन्यातून दोनदा मुंबईला हजेरी. सांगलीत ओळखीचे कोणी नाही.

आत्ता हाताशी दोन गोष्टी आहेत. गावभागात तळमजल्याचे घर, भाडे आश्चर्य वाटावे इतके कमी. दुसरे म्हणजे एक एजंट शामरावनगरात दीड गुंठ्याचा प्लॉट घ्या म्हणून मागे लागला आहे. काय करावे? शाळा, दवाखाने, सामानाची गाडी याबद्दलही सांगा.

कृष्णाकाठ
गावभागातल्या तळमजल्याचे भाडे कमी का, ते आधी सांगतो, ताई. पाणी.

सांगलीत घर बघताना भाड्याच्या आधी उंची विचारायची. इथे सगळे आयर्विन पुलावरच्या (कृष्णेवरचा पूल, पाण्याची पातळी तिथे मोजतात) फुटांत बोलतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ आणि २०२१ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते, २०१९ ला ५७ च्याही वर. वरून कोयनेचा विसर्ग येतो आणि शहराच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणा फुगलेली असली की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे चढते. त्यामुळे इथे पूर यायला सांगलीत पाऊस असावाच लागतो असे नाही. लख्ख ऊन असते आणि दत्तनगरात पाणी चढत असते. नवीन माणूस इथेच फसतो.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड ही पहिल्या पाण्याची ठिकाणे. मोठ्या पुरात गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, टिळक चौक इथेही पाणी येते. विश्रामबाग, विजयनगर, वान्लेसवाडी, कुपवाड उंचावर आहेत. मिरजेतही कृष्णाघाटाची बाजू सोडून बघा.

"पूर येतो का हो?" असे घरमालकाला विचारू नका, "नाही" हेच उत्तर मिळणार. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला किंवा दूधवाल्याला विचारा, "आयर्विनला किती फूट झाले की या गल्लीत पाणी येतं? २०१९ ला कुठवर होतं?" आकडा लगेच मिळतो. घरात लाकडी चौकटी खालून फुगल्यात का, गिलावा कमरेपर्यंतच नवा आहे का, विजेचा मीटर मुद्दाम वर चढवलाय का, हे बघा.

आणि "मग पहिला मजला घेऊ" हा उपाय नाही. वर राहिले तर सामान वाचते, माणूस अडकतो. वीज आधी तोडतात, खालची मोटर बुडते, नळ बंद. हृदयविकाराच्या माणसाला बोटीतून काढायची वेळ येऊ नये.

सातबारा_बघा
प्लॉटबद्दल. शामरावनगर सखल आहे आणि माती काळी. पुराचे सोडा, साध्या पावसाचे पाणीसुद्धा तिथे दिवसेंदिवस हलत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरच्यावर पाया घेतला तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरक्या भेगा पडतात. मुरूम लागेपर्यंत खोल जायचे, आरसीसी कॉलम, जोत्याला बीम, आत मातीऐवजी मुरमाची भर, हे सगळे धरले की स्वस्त प्लॉट स्वस्त राहत नाही.

दीड गुंठा म्हणजे साधारण १,६३३ चौरस फूट. एवढासा तुकडा बहुतेक वेळा गुंठेवारीतला असतो, म्हणजे शेतजमिनीचे मंजूर लेआउट न करता पाडलेले तुकडे. एजंटाकडून एवढे मागा: गुंठेवारी कायद्याखालचा (२००१ चा) नियमितीकरणाचा दाखला, मोजणीचा नकाशा, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि त्यावरचे फेरफार, महापालिकेचा झोन दाखला. सातबाऱ्यावर दहा-बारा जणांची नावे एकत्र असतील तर तुमचा तुकडा कोणता, हे कागदावर कुठेच नसते. नोटरी केलेले साठेखत किंवा मुखत्यारपत्र दाखवले तर चहा पिऊन परत या, त्याने मालकी येत नाही.

पूररेषाही बघायची. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. प्लॉट कुठे बसतो ते लेखी घ्या, तोंडी नको.

एक सोपी चाचणी. कर्ज नको असले तरी दोन राष्ट्रीयीकृत बँकांच्या सांगली शाखांत कागद घेऊन जा आणि या प्लॉटवर कर्ज देता का विचारा. दोन्हीकडे नाही म्हणाले तर विषय संपला. पुढे कधी घ्याल तेव्हा हिशेब असा: मुद्रांक शुल्क ठाण्यात ७ टक्के, सांगलीत मेट्रो अधिभार नसल्यामुळे ६. घर किंवा फ्लॅट बाईच्या नावावर घेतला तर त्यातही १ टक्का सूट, मोकळ्या प्लॉटला ती नाही. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. पण निदान एक पावसाळा भाड्याने काढल्याशिवाय इथे काहीही विकत घेऊ नका.

घोडबंदरवाली
बापरे. गावभाग आणि प्लॉट दोन्ही रद्द. विश्रामबाग-विजयनगर बघते. शाळा आणि दवाखान्याचे कोणी सांगेल का?

मिरज_वेस
दवाखान्यांची काळजी करू नका. मिरजेत १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत वसंतदादांच्या नावाचे सिव्हिल, आणि खासगी तज्ज्ञ दोन्हीकडे भरपूर. विश्रामबाग मधोमध, दोन्ही बाजू रिक्षाच्या टप्प्यात. निघण्याआधी ठाण्याच्या डॉक्टरांकडून २डी इकोचा रिपोर्ट, अँजिओग्राफी झाली असेल तर तिची सीडी, जुनी डिस्चार्ज कार्डे आणि औषधांची मूळ नावे (ब्रँडची नव्हेत) लिहून घ्या. औषधे महिनाभराची सोबत. विमा असेल तर पत्ता बदला आणि कॅशलेसच्या यादीत सांगली-मिरजेची कोणती रुग्णालये आहेत ते आत्ताच काढा. काही पॉलिसींत हप्ता शहराच्या झोनवर ठरतो, तो कमीही होऊ शकतो.

शाळेचा खरा घोळ दाखल्यात नसतो, यू-डायसच्या (शाळा-विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) पोर्टलवर असतो. मुलीचा पेन क्रमांक (त्या नोंदीतला तिचा कायमचा नंबर) लिहून घ्या. जुन्या शाळेने तिला पोर्टलच्या 'ड्रॉपबॉक्स'मध्ये (शाळा सोडलेल्यांची यादी) टाकले नाही तर नवी शाळा तिला ओढून घेऊ शकत नाही, आणि ती कागदोपत्री ठाण्यातच राहते. मे महिन्यात शाळेचे ऑफिस अर्धेच चालू असते. दाखला हातात घेताना तिथेच उभे राहून ते करून घ्या. नवीन शाळेत सेमी म्हणजे गणित-विज्ञान दोन्ही इंग्रजीत की फक्त गणित, हेही विचारा. ही शाळा सहावी-सातवीलाच संपते की पुढे दहावीपर्यंत आहे, तेही.

मुंबईच्या फेऱ्यांसाठी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आहे, ठाण्याकडे जायला कल्याणला उतरा. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. हजेरीच्या तारखा ऑफिसकडून लेखी घ्या, म्हणजे तिकीट वेळेत निघेल. दिवाळी, गणपतीत आयत्या वेळी काही मिळत नाही.

रिटर्न_गाडी
सामान. पॅकर्सच्या जाहिरातींकडे जाण्याआधी वाशी मार्केटच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारा. सांगलीकडून भाजी, गूळ, हळद घेऊन गाड्या येतात आणि परतीला भाडे शोधत असतात. रिटर्न गाडी कायम स्वस्त पडते, फक्त तारीख एक-दोन दिवस मागेपुढे धरायची तयारी हवी. दोन खोल्या-हॉल-किचनच्या भरल्या घराला १० फुटी गाडी पुरत नाही, १४ किंवा १७ फुटी सांगा. भाजीची गाडी असेल तर आत धुऊन, ताडपत्री अंथरून घ्या. नाहीतर गादीला कांद्याचा वास आणि दिवाळीपर्यंत तीच चर्चा.

बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती) एकच ठोक रक्कम लिहून घ्या: भाडे, टोल, दोन्हीकडची हमाली, मजले, सगळे धरून. भांडण होते ते उतरवतानाच. गाडी दारात उभी, सामान आत, आणि हमाली वाढवून मागतात. निम्मे पैसे उतरवल्यावर द्या. सोसायटीकडून सामान हलवायची परवानगी आणि लिफ्टची वेळ आधी घ्या.

फ्रीज उभाच न्यायचा, उतरवल्यावर चार-पाच तास तसाच ठेवून मग चालू करा. कॉम्प्रेसरचे तेल खाली बसायला वेळ लागतो. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला मागचे ट्रान्झिट बोल्ट लावल्याशिवाय हलवू नका, पेठनाका ते सांगली रस्त्यात ड्रम हिंदकळून स्प्रिंग निखळतात. इन्व्हर्टरची बॅटरी उभी, वर काहीही न ठेवता.

कृष्णाकाठ
कागदांचा क्रम चुकवू नका. आधी सांगलीच्या घराचा भाडेकरार नोंदणी करून घ्या (नोटरी नव्हे, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये). आधार, बँक, गॅस सगळे त्याच्यावर चालते. मतदार यादीला फॉर्म ८. गाडीचा एमएच-०४ नंबर बदलत नाही, रोड टॅक्स पुन्हा नाही, फक्त ३० दिवसांत आरसीवरचा पत्ता बदलायचा. कर्ज चालू असेल तर बँकेची संमती लागते. गॅसचे सिलिंडर ट्रकमध्ये टाकू नका. एजन्सीला सिलिंडर आणि रेग्युलेटर परत देऊन टर्मिनेशन व्हाउचर घ्या, इथे त्यावर कनेक्शन मिळते. अनामत मात्र इथे पुन्हा भरावी लागेल.

वायरमन
दोघे घरून काम करणार तर थोडे विजेचे. दोन लॅपटॉप, राउटर, दोन पंखे मिळून पावणेतीनशे वॅट धरा. १५० एएचची एक बॅटरी चार तास ओढते. राउटरला वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंत राउटर बंद पडून मीटिंग तुटते. फायबर दोन घ्यायचे तर दोन्ही एकाच खांबावरून येत नाहीत ना, बघा. एकाच खांबावरच्या दोन कंपन्या म्हणजे एकच लाइन.

घोडबंदरवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन घरे निघाली आहेत. विश्रामबागेत दुसरा मजला, लिफ्ट नाही, पालिकेचे पाणी. विजयनगरला तळमजला, पण पाणी बोअरचे. सासूबाईंसाठी तळमजला बरा वाटतो. पाण्याचे काय करू?

सातबारा_बघा
तळमजला घ्या, पण टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा) घेऊन जा, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. नळाचे नदीचे पाणी असते तिथे यूव्ही फिल्टर पुरतो, आरओ लावून पाणी वाया घालवू नका. बोअरचा आकडा ५०० च्या वर आला तर प्यायला आरओ लागेल, आणि गीझर, वॉशिंग मशीनवर क्षार चढणार हे धरून चाला. पालिकेचे कनेक्शन मिळते का आणि त्याचा खर्च कोणाचा, ते करारात लिहून घ्या.

आणि मे महिन्यात बोअरला रोज किती वेळ पाणी येते, टँकर मागवावा लागतो का, ते वरच्या भाडेकरूला विचारा. मालकाला नको.