मदत हवी आहे: ब्रेन डेथच्या चाचण्या आयसीयूच्या टीमला कशा शिकवाव्यात?

नमस्कार. मी भूलतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी आयसीयू सांभाळते. मागच्या महिन्यात डोक्याला मार लागलेला एक पेशंट होता. बाहुल्या मोठ्या, उजेडाला दाद नाही, सक्शनला खोकला नाही. चाचणी चालू असताना मान वाकवली आणि हात वर आला. सिस्टर ओरडल्या, "मॅडम, हात हलला!" ज्युनिअरने चाचणी तिथेच थांबवली. हा मणक्यातला रिफ्लेक्स, ब्रेनस्टेम (मेंदूचा श्वास चालवणारा देठ) मेल्यावरही येतो, हे मला पाठ होतं. तरी घशाला कोरड पडलीच. काचेबाहेर त्याची बायको उभी होती, तिनेही पाहिलं.

नंतर चहाला बसलो तेव्हा कळलं, अवयव प्रत्यारोपण कायद्यात ब्रेन डेथ कशी ठरवायची ते दिलंय, पण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच कायदा. एकाला ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) सपाट आल्याशिवाय सही करायची नाही. कायद्यात ती अटच नाही. दुसरा दोन चाचण्यांत २४ तास धरतो; नियमात किमान ६ आहेत. ॲप्निया टेस्टला, म्हणजे मशीन काढून पेशंट स्वतः श्वास घेतो का हे पाहताना, रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० mmHg च्या वर, एवढं सगळ्यांना येतं. सीओपीडीवाल्याचा (जुनाट फुप्फुसविकार असलेल्याचा) मुळातच ५५ असेल तर काय, यावर शांतता. ब्रेन डेथ प्रमाणित करायच्या फॉर्म १० वर चार डॉक्टरांच्या सह्या लागतात हे मात्र पक्कं ठाऊक! न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन उपलब्ध नसेल तर कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीनंतर भूलतज्ज्ञही त्या चौघांत बसू शकतो, म्हणजे उद्या त्यातली एक सही माझी.

तुमच्याकडे हे कसं शिकवता? आणि नातेवाइकांना काय शब्दांत सांगता? आम्ही "ब्रेन डेड" म्हणतो, ते विचारतात, "मग शुद्धीवर कधी येईल?"

प्रतिसाद १
मॅडम, सुरुवात चाचणीपासून करूच नका, कारणापासून करा. आमच्याकडे पहाटे आणलेला एक मुलगा असाच होता, बाहुल्या फिक्स, हालचाल शून्य. सीटी नॉर्मल. जमिनीवर झोपला होता एवढंच आईने सांगितलं. मण्यार! दंशाची खूणही दिसली नाही. चौथ्या दिवशी बोट हललं, पुढे चालत घरी गेला. कारण सापडत नसेल, अंग गार असेल, मिडाझोलम (झोपेचं औषध) उतरलं नसेल, तर टॉर्च खिशातच ठेवायचा. घरच्यांना मी "मृत्यू झाला आहे, श्वास मशीन देतंय" असंच सांगतो. "कोमा" शब्द तोंडातून जाऊ देत नाही.

धागाकर्ती
मण्यार डोक्यातच आली नव्हती, यादीत पहिली ओळ तीच घालते. ॲप्निया टेस्टला बीपी कोसळलं तर तुम्ही कुठे थांबता?