जुन्या मशिना 'स्मार्ट' करायच्या म्हणजे नेमकं काय करायचं?

वाळूजकर_जॉबवर्क
वाळूज एमआयडीसीत छोटं युनिट आहे. चार सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या मशिना), दोन जुन्या पॉवर प्रेस. दुचाकीचे बुश आणि पिना काढतो. परवा कस्टमरचा ऑडिटर येऊन म्हणाला, "मशीनचा लाइव्ह डेटा दाखवा." मी वही दाखवली. वहीत रोज एकच ओळ, 'मशीन चालू ८ तास'. वही खरी धरली तर आमच्याकडं ना कोणी जेवतं, ना इन्सर्ट (धातू कापणारं टोक) बदलतं.

मग एक सॉफ्टवेअरवाले आले. लॅपटॉपवर रंगीत स्क्रीन दाखवली आणि म्हणाले, मशीन चालवणारे कंट्रोलर बदलावे लागतील. पैसे तर असे मागायलेत की त्यात एक सेकंडहँड सीएनसी येईल. माझ्या दोन मशिनांच्या फॅनुक कंपनीच्या कंट्रोलला इथरनेट पोर्ट आहे, बाकीच्यांना नाही. प्रेसला तर साधा काउंटरही नाही. कुठून सुरू करू?

जालना_मेंटेनन्स
दादा, कंट्रोलर बदलू नका.

पोर्ट आहे तिथं फॅनुकच्या फोकास या सॉफ्टवेअर लायब्ररीतून मशीन चालू-बंद, नगांची संख्या, अलार्म सगळं वाचता येतं. ज्यांना पोर्ट नाही त्यांचा टॉवर लाइट (मशीनवरचे लाल-हिरवे दिवे) पकडा. हिरवा दिवा लागतो तेव्हा तिथं २४ व्होल्ट येतात, तेवढा सिग्नल पुरे. फक्त सिग्नल वाचणारा ईएसपी-३२ सारखा छोटा बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो, मधे ऑप्टोकपलर (दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवून सिग्नल पुढं देणारा) घाला. मी घाईत थेट जोडून दोन बोर्ड जाळलेत.

प्रेसची गंमत वेगळी. आमच्या पोरानं प्रॉक्सिमिटी सेन्सर (जवळ धातू आला की सिग्नल देणारा) फ्लायव्हीलसमोर, म्हणजे प्रेसच्या जड चाकासमोर बसवला. फ्लायव्हील दिवसभर फिरतंच, क्लच लागला तरच रॅम (नग दाबणारा भाग) खाली येतो. संध्याकाळी स्क्रीनवर हजारोंनी नग, आणि पेटीत अर्धीच भरती! सेन्सर रॅमसमोर बसवा. मोटरच्या वायरवर सीटी (करंट मोजणारा सेन्सर) लावला तरी मोटर चालू आहे एवढंच कळेल, नग पडला का ते नाही.

डेटा एमक्यूटीटीनं (मशिनांचे निरोप पाठवायची एक पद्धत) शॉपमधल्याच एका पीसीवर घ्या. १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनसाठी, सॅटेलाइटच्या महागड्या लिंकवर चालावं म्हणून ते बनवलेलं, त्यामुळं निरोप अगदी छोटे जातात. पीसीला यूपीएस लागतोच, आपल्याकडं लाइटीचं काय सांगावं. आणि सिग्नलची वायर ड्राइव्हच्या पॉवर केबलला बांधून नेऊ नका, नाहीतर नसलेले नग मोजले जातील.

शेंद्रा_शॉपफ्लोअर
ऑपरेटरच्या बाजूनं सांगतो. मी आधी जिथं होतो तिथं मोठी स्क्रीन लावली. मशीन थांबली की लाल, आणि लाल दिसलं की साहेब हजर. दुसऱ्या आठवड्यात पोरं जॉब न लावताच सायकल चालवायला लागली. स्क्रीन हिरवीगार, माल शून्य.

शेवटी मशीनपाशी चार बटणं दिली : माल नाही, सेटिंग, इन्सर्ट, तपासणी. थांबली तर एक दाबायचं, रागवणार कोणी नाही. तेव्हा कळलं की पहिला नग पास करायला क्वालिटीवाला येईपर्यंतच निम्मी वेळ जायलीय. मशीन थांबली हे सेन्सर सांगतो हो, काहून थांबली ते माणसालाच विचारावं लागतं.

वाळूजकर_जॉबवर्क
दोघांचं ऐकून एकाच सीएनसीला टॉवर लाइटवरून वायर काढली, शेजारी चार बटणं. आठ दिवस झाले.

कालची पाळी सांगतो. जेवण सोडून ४५० मिनिटं, त्यात मशीन चालली ३००. सायकल ५० सेकंदांची, म्हणजे ३६० नग यायला पाहिजे होते. आले ३२४, त्यातले चांगले ३१८. ओईई (पूर्ण वेळेत जेवढे नग निघू शकतात त्यातले किती टक्के चांगले निघाले) काढला तर ५९ टक्के. वहीत अर्थातच 'चालू ८ तास'.

थांबलेल्या १५० मिनिटांत सगळ्यात जास्त वेळा दाबलेलं बटण 'तपासणी'. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, "मालक, गेज तीन मशिनांत एकच आहे. शेजारचा सोडल्याशिवाय मी काय मोजू?" दोन वर्षं मी त्याच गेजवरून रोज चालत जायलोय.

उद्या दुसरं गेज आणतो. ऑडिटरच्या स्क्रीनचं नंतर बघू.