नॉयहार्डेनबर्गचा वाडा घराण्याला परत दिला, हे बरोबर झालं का?

अभिलेख

बर्लिनच्या पूर्वेला, ओडर नदीच्या खोऱ्यालगत नॉयहार्डेनबर्ग नावाचं खेडं आहे. 1945 साली सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व जर्मनीत 100 हेक्टरांहून जास्त जमीन असलेल्या प्रत्येक मालकाची सगळी जमीन वाड्यासकट काढून घेतली, मोबदल्याचा छदामही न देता. 1990 च्या एकीकरणानंतरही ती परत द्यायची नाही असंच ठरलं. जे मोजके अपवाद झाले त्यांत हा वाडा येतो. 1996 साली तो हार्डेनबर्ग घराण्याला परत मिळाला. माझ्या मते हे अगदी योग्य झालं.

थोडा इतिहास सांगतो. गावाचं जुनं नाव क्विलिट्स. 1759 च्या कुनर्सडॉर्फच्या लढाईत प्रशिया या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रीडरिश शत्रूच्या हाती पडायचा, तो प्रिटविट्स नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्याने वाचवला. त्याबद्दल 1763 मध्ये त्याला हे गाव इनाम मिळालं. राजाच्या स्मरणार्थ त्याने बागेत उभारलेले मार्स आणि मिनर्व्हा या रोमन देवतांचे शोकमग्न पुतळे आजही तिथे आहेत. 1801 मध्ये गाव जळून खाक झालं. नव्या गावाचा आराखडा शिंकेलने केला. तेव्हा तो जेमतेम विशीतला होता आणि प्रशियाचा सर्वांत मोठा वास्तुविशारद व्हायला अजून अवकाश होता. मधोमध रुंद हिरवळ, दोन्हीकडे बुटक्या घरांच्या ओळी आणि चर्च. 1814 मध्ये राजाने हे गाव आपला चॅन्सलर, म्हणजे मुख्य मंत्री, कार्ल आउगुस्ट फोन हार्डेनबर्ग याला दिलं आणि पुढच्याच वर्षी गावाला त्याचं नाव लागलं.

आता मुद्द्याची गोष्ट. याच घराण्यातला कार्ल-हान्स फोन हार्डेनबर्ग हिटलरला मारण्याच्या 20 जुलै 1944 च्या कटात सामील होता. हिटलरजवळ बॉम्ब ठेवणारा अधिकारी श्टाउफेनबर्ग या वाड्यावर येऊन गेला होता. कट फसल्यावर चारच दिवसांनी गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, दारात आले. कार्ल-हान्सने स्वतःवर गोळी झाडून घेतली, पण तो वाचला. त्याला साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत टाकलं आणि मालमत्ता जप्त झाली. एप्रिल 1945 मध्ये तो सुटला, तर काही महिन्यांतच जमीन-सुधारणेच्या नावाखाली सगळं पुन्हा गेलं. ज्याने हिटलरविरुद्ध जीव पणाला लावला त्याला हिटलरच्या साथीदारांच्या रांगेत बसवणं हा धडधडीत अन्याय होता. पन्नास वर्षांनी का होईना, तो दूर झाला.

रानवारा

असहमत. कार्ल-हान्सच्या धैर्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण वाडा त्याच्या धैर्यातून उभा राहिलेला नाही. तुमचा इतिहास राजा, सेनानी, चॅन्सलर असा वरून खाली येतो. गाव इनाम दिलं म्हणजे गावातली माणसंही दिली. त्यांना कोणी विचारलं?

शिवाय चॅन्सलर हार्डेनबर्गचं नाव घेता, तर त्याचा 1811 चा कायदाही सांगा. कुळांना मालकी मिळेल, पण वंशपरंपरेने कसणाऱ्याने एक तृतीयांश आणि इतरांनी अर्धी जमीन जमीनदाराला सोडायची. 1816 मध्ये आणखी अट घातली: ज्याच्याकडे नांगराला जुंपायला स्वतःची जनावरं आहेत त्यालाच हा हक्क. बाकीचे शेतमजूर झाले. एल्बे नदीच्या पूर्वेकडच्या वाड्यांच्या जमिनी अशा वाढत गेल्या. मुक्ती शेतकऱ्याची आणि फायदा मालकाचा. 1945 मध्ये ती जमीन कसणाऱ्यांकडे गेली, तर ते उशिरा मिळालेलं देणं होतं.

सुमेधा

दोघेही कायद्याच्या मूळ मुद्द्याला बगल देताय. वाडा परत मिळाला तो शौर्याचं बक्षीस म्हणून नाही. 1990 च्या मालमत्ता कायद्यात दोन वेगळे खण आहेत. 1933 ते 1945 मध्ये नाझींनी छळ करून जे हिरावलं ते परत करायचं. यात मुख्यतः ज्यू कुटुंबांची मालमत्ता येते. 1945 ते 1949 मध्ये सोव्हिएत अंमलाखाली जे गेलं ते परत करायचं नाही. हार्डेनबर्गांची मालमत्ता आधी नाझींनी जप्त केली, म्हणून ते पहिल्या खणात बसले. 1811 साली काय झालं हे कोणतंही न्यायालय तपासणार नव्हतं, आणि तपासायला लागलं तर युरोपातल्या एकाही सातबाऱ्यावर कोणाचं नाव टिकणार नाही.

तिसरा प्रहर

सुमेधाताई, तुमचे हे दोन खणच मला पटत नाहीत. शेजारच्या गावातल्या 120 हेक्टरवाल्याचं काय? तो नाझी पक्षाचा सभासद नाही, कटातही नाही, नुसता शेती करणारा. 90 हेक्टर असते तर वाचला असता. सॅक्सनीतल्या जमीनदार कुटुंबांना 1945 च्या शरद ऋतूत बायकापोरांसकट गाड्यांत घालून र्‍यूगन बेटावर नेऊन सोडलं. प्रत्येकाचा गुन्हा वेगवेगळा पाहिला नाही, फक्त हेक्टर मोजले. आणि 1991 मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने हे सगळं कायम ठेवलं. सरकारने कारण दिलं होतं की सोव्हिएत संघाची तशी अट आहे, त्याशिवाय एकीकरण होणार नाही. पुढे खुद्द गोर्बाचेव्ह यांनी अशी निर्वाणीची अट घातल्याचं नाकारलं. 2005 मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेही या कुटुंबांचे अर्ज दाखल करून घेतले नाहीत.

म्हणजे हार्डेनबर्गांना परत दिलं हे बरोबरच, पण तोच न्याय सगळ्यांना लावायला हवा होता.

कुणब्याचं पोर

इतका वेळ वाचतोय. सगळी चर्चा वाड्याच्या आत चालली आहे. जरा बाहेर या.

1945 मध्ये ओडरच्या पलीकडून लाखो निर्वासित आले. हातगाडीवर मावेल तेवढा संसार आणि मागचं घर कायमचं गेलेलं. त्यांना आणि गावातल्या भूमिहीनांना साधारण 5 ते 10 हेक्टरांचे तुकडे मिळाले. ते फुकट नव्हते. दर हेक्टरी 1000 ते 1500 किलो राय हे धान्य, म्हणजे एका वर्षाच्या पिकाएवढी किंमत ठरली आणि ती हप्त्यांनी फेडायची होती. जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही, खंडाने द्यायची नाही. अनेकांकडे बैल नाही, गोठा नाही, घर नाही. 1947 मध्ये सोव्हिएत प्रशासनाने 209 क्रमांकाचा हुकूम काढला, की नव्या शेतकऱ्यांची घरं बांधा आणि त्यासाठी वाडे पाडून विटा-लाकूड घ्या. किती वाडे असे गेले! नॉयहार्डेनबर्गचा वाचला, कारण त्यात शाळा भरली. 1949 मध्ये गावाचं नाव मार्क्सवाल्डे झालं, ते 1991 पर्यंत.

आणि 1960 पर्यंत याच शेतकऱ्यांना दडपण आणून सामुदायिक शेतीत ढकललं. नाव कागदावर, नांगर सरकारच्या हातात. पंधरा वर्षांत दिलेलं काढून घेतलं. मार्च 1990 मध्ये अखेर पूर्व जर्मनीच्या संसदेने या तुकड्यांवरची बंधनं उठवली. वारसांना वाटलं, आता जमीन खरी आपली. तर 1992 मध्ये एकत्रित जर्मनीने नवा कायदा केला: वारस स्वतः शेतीत नसेल तर जमीन सरकारजमा. मोबदला नाही. सुमारे 70,000 वारसांना त्याची झळ बसली. स्ट्रासबर्गला 2004 मध्ये ते जिंकले आणि 2005 मध्ये मोठ्या खंडपीठापुढे हरले.

वाडा परत मिळाला की नाही यावर जर्मनीतही लेख पडतात. या 70,000 जणांबद्दल कोण बोलतं? माझा विरोध हार्डेनबर्गांना नाही, या मोजमापाला आहे. चॅन्सलरच्या वंशजाला कायद्यात वाट सापडली, निर्वासिताच्या नातवाला सापडली नाही.

सुमेधा

हा प्रतिसाद फार महत्त्वाचा आहे. 1992 च्या कायद्याचं समर्थन मी करणार नाही. 1990 पूर्वी शेतीत नसलेल्या वारसाकडून जमीन काढून घेतलीच जायची, ती चुकून राहिली, असं सरकारचं म्हणणं होतं. लोकांनी प्रामाणिकपणे धरून ठेवलेल्या जमिनीला ते लावणं मलाही क्रूर वाटतं.

तिसरा प्रहर यांच्यासाठी: 120 हेक्टरवाल्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. 1994 च्या कायद्याने थोडी भरपाई आणि सवलतीत जमीन विकत घेण्याची सोय दिली. मात्र नाझी राजवटीला ज्यांनी मोठा हातभार लावला त्यांना वगळलं. याच कलमावरून माजी राजघराणं होहेनझोलर्न वर्षानुवर्षं भांडलं आणि 2023 मध्ये दावे मागे घेतले. हेक्टर मोजण्यापेक्षा माणसाची वर्तणूक तपासणं मला जास्त न्याय्य वाटतं.

रानवारा

वर्तणूकच तपासायची तर पूर्ण तपासा. कार्ल-हान्स हा फील्डमार्शल बॉकचा ॲडज्युटंट होता. 1941 मध्ये सोव्हिएत संघावर चालून गेलेल्या मध्य आघाडीच्या मुख्यालयात तो बसत होता.

अभिलेख

होता, आणि तिथेच त्याने ठरवलं. ऑक्टोबर 1941 मध्ये बोरिसोवला हजारो ज्यूंची कत्तल झाली, ती त्या मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांच्या कानावर आणि काहींच्या डोळ्यांसमोर आली. त्याच मुख्यालयातला अधिकारी ट्रेस्को याच्या भोवती कटाचं जे वर्तुळ जमलं ते तिथेच. उशिरा जागा झाला म्हणा, पण ज्या काळात बहुतेक अधिकारी गप्प बसले त्या काळात तो जागा झाला.

कुणब्याचं पोर यांनी मांडलेला अन्याय खराच आहे. त्या वारसांची जमीन त्यांच्याकडेच राहायला हवी होती. पण त्यासाठी हार्डेनबर्गांचा वाडा अडवून काय साधलं असतं? तिथे शेतं वाटली गेली होती, प्रश्न इमारतीचा आणि बागेचा होता. घराण्यानेही तो धरून ठेवला नाही. 1997 मध्ये जर्मन बचत बँकांच्या महासंघाला विकला. डागडुजी होऊन 2002 पासून तिथे मैफली, प्रदर्शनं, परिषदा होतात.

कुणब्याचं पोर

विकला, हेच तर. परत मिळाल्यावर वर्षभरात विकायचाच होता, तर तो गावाच्या मालकीचा करण्याचा मार्ग शोधायला हवा होता. चाळीसहून जास्त वर्षं त्या वाड्याचं छत टिकलं ते त्यात शाळा होती म्हणून. गावच्या पोरांनी तो वापरात ठेवला, आणि मालकी ठरवताना त्यांची मोजदादच नाही.