😪 हा चेहरा रडणारा नाही

काहीजण विचारतात, 'भावपूर्ण श्रद्धांजली'खाली 😪 टाकला तर काय बिघडलं? बिघडतं असं, की तो झोपेचा चेहरा आहे. जपानी मांगा-ॲनिमेत (चित्रकथा-कार्टूनमध्ये) गाढ झोपलेल्याच्या नाकातून शेंबडाचा फुगा निघतो, त्याचंच हे चित्र. २०१० च्या युनिकोड ६.० मध्ये (युनिकोड म्हणजे अक्षरं-इमोजींची जगभर वापरली जाणारी प्रमाण यादी) त्याचं नावच 'झोपाळलेला चेहरा' आहे. घोरणारा 😴 नंतर, २०१२ मध्ये आला.

घोळ होतो तो आकारामुळे. मजकुराच्या ओळीत इमोजी इतका बारीक दिसतो की नाकाचा फुगा अश्रूच वाटतो. शंका असेल तर तो एकटाच स्वतःला पाठवा. व्हॉट्सॲपवर एकटा इमोजी मोठा दिसतो. थेंब नाकाशी आणि डोळे मिटलेले, म्हणजे झोप. 😢 मध्ये डोळे उघडे असतात आणि थेंब गालावर.

😥 सुद्धा फसवा. तिथला थेंब घामाचा, अर्थ 'वाईट झालं, पण सुटलो'. दहाव्याच्या निरोपाखाली हा तर मुळीच नको! आणि 😭 हल्लीची पोरं हसून हसून पुरेवाट झाली की टाकतात, त्यामुळे तोही जपूनच.

चुकून गेलाच तर १५ मिनिटांत मेसेज दाबून धरून एडिट करता येतो. एकदा वापरलेला इमोजी 'अलीकडचे'मध्ये पुढे येऊन बसतो, म्हणून तीच चूक पुन्हा होते. शोकसंदेशात चेहरा हवाच कशाला? नुसता 🙏 पुरतो.